इंजिन बंद करायचं नाही

माझे अब्बा सडकेवरचा रोलर चालवायचे. निजामाच्या अमलात कामाला लागले आणि विलीनीकरणानंतरही त्याच रोलरवर राहिले. फरक एवढाच, की हजेरी उर्दूतून मराठीत लागायला लागली. आमचं घर अणदूरला, सोलापूर-हैदराबाद सडकेच्या कडेला. घरात दखनी बोलायचो, उंबऱ्याबाहेर मराठी. मी उस्मानाबादला बसच्या डेपोत हेल्पर म्हणून लागलो, तिथं इंजिन खोलायला-जोडायला शिकलो, आणि भरतीवाले आले तेव्हा फौजेत गेलो.

फौजेत का गेलो, असं पुढं बऱ्याच जणांनी विचारलं. पोलीस ॲक्शननंतर काही वर्षं आमच्यातली माणसं बाजारातून जरा दबूनच चालायची. कुणी काही म्हणत नव्हतं, पण चालायची. अंगावर वर्दी आली की तेवढं दबणं जाईल असं मला वाटलं. तसं ते गेलंही. अम्मी मात्र निघताना म्हणाली, "बंदूक चलाने जारा क्या रे?" मी म्हटलं, "नई अम्मी, गाड्यां दुरुस्त करने." तिला ते खरं वाटलं नाही. पण झालं तसंच. फौजेनं मला बंदूक शिकवली आणि हातात पाना दिला.

चीननं हल्ला केला त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात आमची तुकडी उत्तरेला रस्ता करायला गेली. हिमालय ओलांडून पलीकडं, जिथं झाड म्हणून दिसत नाही असल्या डोंगरात. पुढच्या चौक्यांपर्यंत खेचरं जात होती, गाड्या जात नव्हत्या. गाड्या जाव्यात म्हणून आम्ही. कड्याला सुरुंग लावायचे, दगड फुटून खाली आला की डोझरनं तो दरीत लोटायचा, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पुन्हा पुढं सरकायचं. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खोल दरी आणि तिच्या तळाशी नदीची बारीक रेघ. आमच्याकडं दोन डोझर होते. त्यातला एक विमानतळाच्या कामाला खाली नेला. राहिला एक, तोही जुना, कुठल्या तरी मागच्या लढाईतून उरलेला.

त्या डोझरचे ऑपरेटर मला दिसायच्या आधी ऐकू आले. मी नवीनच पोचलो होतो. धुळीच्या लोटातून आवाज आला, "चल गं माजी बाय, येवढा धोंडा ढकल. मग लई त्रास देत न्हाय तुला." त्या मुलखात पंजाबी, गढवाली, मद्रासी सगळं कानावर पडायचं. आपल्याकडची बोली ऐकून मी जागीच थांबलो. धूळ खाली बसली तेव्हा सीटवर एक रुंद खांद्यांचे हवालदार दिसले. डोक्याला मफलर, मिशांवर माती.

"कुठलं गाव, दादा?" मी ओरडलो.

"वाशी, उस्मानाबादकडलं. तुजं?"

"अणदूर."

"खंडोबाचं अणदूर?"

"व्हय."

त्यांनी माझ्या सदऱ्यावरची नावाची पट्टी वाचली, जरा विचार केला आणि विचारलं, "जेवलास का?"

तेव्हापासून मी त्यांना दादा म्हणत गेलो आणि ते मला मिस्त्री. वाशीला त्यांची कोरडवाहू जमीन होती. भाऊ ती कसत होता. हे मात्र औत सोडून फौजेत आले आणि डोझरवर बसले. ते म्हणायचे, कुळव धरणं आणि डोझरचं पातं धरणं यात फार फरक नाही, जमीन हाताला सांगते. मला ते पटायचं नाही, कारण मला इंजिनापलीकडं काही कळत नव्हतं. पण त्यांचं काम बघताना माझ्या हातातलं काम थांबायचं. एक पट्टा भरीव खडकावर आणि दुसरा दरीच्या ओठावर, खाली बारीक खडे सुटतायत, आणि हे दोन्ही पायांनी ब्रेक तोलत, मान वळवून, हळूच दगडांचा ढीग कडेवरून लोटून देणार. मागं घेताना एकदाच मोठ्यानं श्वास सोडायचे. मला तो ऐकू यायचा नाही, फक्त तोंडातून वाफ दिसायची.

थंडी वाढली तशी माझी परीक्षा सुरू झाली. आमच्याकडं थंडी म्हणजे ज्वारीत गार वारा सुटतो ती. इथं ऑईल गुळासारखं घट्ट व्हायचं. सकाळी डब्याच्या पत्र्यात निखारे करून ते इंजिनाच्या पोटाखाली सरकवायचे, ऑईल जरा पातळ झालं की मग पुढचं. मोठं इंजिन डिझेलचं. ते चालू करायला त्याच्या कुशीत एक छोटं पेट्रोलचं इंजिन असायचं. आधी दोरी ओढून छोटं सुरू करायचं, ते गरम झालं की त्याच्या टोकाचं दातेरी चाक, पिनियन म्हणायचो आम्ही त्याला, मोठ्या इंजिनाच्या चाकात गुंतवायचं. छोटं मोठ्याला फिरवायचं, फिरवता फिरवता मोठं पेट घ्यायचं. उघड्या हातानं लोखंडाला हात लागला की कातडी तिथंच राहायची. हातमोजे घालून नट धरता येत नव्हता आणि काढून धरवत नव्हता.

एका सकाळी पिनियन गुंतवताना आतून असा आवाज आला, की मी खोलायच्या आधीच समजलो. काही दात तुटून पडले होते.

खाली डेपोला निरोप गेला. उत्तर आलं, पार्ट मागवला आहे. तो परदेशातून यायचा होता. तोवर पुढं लढाई सुरू झाली होती. तोफांचा आवाज डोंगर मधे असल्यानं ऐकू येत नव्हता, पण वर रस्त्याच्या टोकापर्यंत जाणाऱ्या गाड्या वाढल्या होत्या आणि खाली येणारे ड्रायव्हर बोलेनासे झाले होते. आमचे साहेब, तरुण कप्तान, दिवसातून कितीदा तरी येऊन विचारायचे, "मिस्त्री, कुछ हो सकता है?"

मी म्हटलं, बघतो.

वेल्डिंगचा सिलेंडर रिकामा होता. मग आम्ही भट्टी लावली, पितळ वितळवून तुटक्या दातांच्या जागी भरलं आणि मी कानस घेऊन बसलो. दात घासायचा, चाकाला लावून बघायचा, पुन्हा घासायचा. दादा शेजारी बसून माझ्या हातांवर फुंकर घालायचे. मधेच विचारायचे, "जमंल का?"

"एकदा जमंल, दादा. दुसऱ्यांदाचं सांगता येत न्हाय. पितळ हाय ते."

"येकदा बास."

पितळेचे दात लावले. छोटं इंजिन सुरू केलं. मी मनातल्या मनात बिस्मिल्ला म्हटलं, दादांनी सीटला हात लावून कपाळाला लावला, आणि पिनियन गुंतवलं. मोठं इंजिन कण्हलं, फिरलं, पुन्हा फिरलं, धूर आला, आणि पेटलं. पेटतानाच पितळेचे सगळे दात खळकन तुटून खाली पडले. पण ते पेटलं होतं. आजूबाजूच्या जवानांनी टोप्या उडवल्या. दादा मला मिठी मारून म्हणाले, "आता हे बंद करायचं न्हाय. मरंस्तवर बंद करायचं न्हाय."

साहेबांनीही तसाच हुकूम काढला. पार्ट येईपर्यंत इंजिन बंद करायचं नाही.

मग आमचं जगणंच त्या आवाजाभोवती सुरू झालं. दिवसभर दादा काम करायचे. काम थांबलं की मशीन तंबूंजवळ उभं करायचे आणि ते मंद चालू ठेवून आम्ही पाळीपाळीनं शेजारी बसायचो. आवाजात जरा फरक पडला की दोघंही उठून बसायचो. चहा त्याच्या रेडिएटरच्या गरम पाण्यावर भांडं ठेवून ऊन करायचो. माझ्या आयुष्यात मी कुठल्या जित्या माणसाचीही एवढी उस्तवार केली नसेल. जवान गमतीनं म्हणायचे, महाराष्ट्रवाल्यांची म्हैस व्यालीय.

अडचण डिझेलची होती. फौजेच्या गाड्या सगळ्या पेट्रोलवर. वर जाणाऱ्या प्रत्येक गाडीत पेट्रोल होतं, दारूगोळा होता, रेशन होतं. डिझेल फक्त आम्हाला लागत होतं, आणि आमच्यासाठी एक गाडी सोडायला खाली कुणाला सवड नव्हती. साहेब वायरलेसवर बोलून बोलून बसले. त्यांचा आवाज तंबूतून ऐकू यायचा. आधी रागाचा, मग अजीजीचा, मग नुसता "जी सर, जी सर."

मी टाकीत काठी घालून बघायचो. ओली खूण रोज खाली यायची. दादा त्या काठीकडं बघायचे.

डिझेल संपत आलं तेव्हा मी रॉकेल घालायचं ठरवलं. त्यात थोडं इंजिन ऑईल मिसळलं की डिझेल इंजिन कसंबसं चालतं. साहेबांनी लंगरमधलं, म्हणजे स्वयंपाकाच्या तंबूतलं, रॉकेल आमच्या हवाली केलं. मग तंबूतंबूतून जवान आपापल्या कंदिलांतलं, स्टोव्हमधलं रॉकेल घेऊन आले. कुणी डब्यात, कुणी मगात. त्या दिवसापासून सगळी तुकडी खालून आलेल्या थंड पुऱ्या खायला लागली आणि एकानंही कुरकुर केली नाही. ते ओतताना माझे हात आखडलेले होते, डबा निसटला आणि निम्मं रॉकेल दादांच्या बुटांवर सांडलं. बूट आतपर्यंत भिजले. त्यांनी पाय झटकले आणि म्हणाले, "जमिनीवर सांडलं आसतं तर वाईट. बुटावर सांडलं तर काय, बूट काय इंजिन हाय का?" दुसरे बूट नव्हते. मला तेव्हा माहीत नव्हतं, की असल्या थंडीत तेलात भिजलेला बूट काय करतो. कुणालाच माहीत नव्हतं.

रॉकेल संपलं ती दुपारची वेळ. ऊन होतं, पण त्यात ऊब नव्हती. इंजिन आधी खोकलं. दादा सीटवर चढले. मी इंधनाच्या नळ्या हलवत होतो, त्यात काही नव्हतं, तरी हलवत होतो. ते अडखळलं, पुन्हा सावरलं, पुन्हा अडखळलं, आणि थांबलं. तंबूतून माणसं बाहेर आली. एवढे दिवस त्या आवाजात झोपलेली, उठलेली माणसं.  एक गढवाली जवान पुढं आला आणि त्यानं गरम बॉनेटवर दोन्ही हात टेकवले, ऊब जाईपर्यंत.

आम्ही सगळे उपाय केले. गाडीला तारेचा दोर बांधून डोझर ओढून बघितला, चाललेल्या पट्ट्यांनी इंजिन फिरेल म्हणून. पट्टे गोठलेल्या जमिनीवरून नुसते घासत गेले आणि गाडीचा क्लच जळाला. तसंही टाकीत इंधन नव्हतं. पण माणूस नुसता बसून राहू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर आमच्या पुढच्या वळणावर कडा कोसळला होता. आम्हीच सुरुंगांनी खिळखिळा केलेला कडा. दगड-मातीचा ढीग रस्ताभर, पार दरीपर्यंत. डोझर चालू असता तर नाश्त्याच्या आधी मोकळा झाला असता एवढाच.

आणि दुपारपर्यंत वरून गाड्या आल्या. जखमींच्या. चौक्यांवरून खेचरांनी रस्त्याच्या टोकापर्यंत आणलेली माणसं त्यांत होती.

त्या ढिगाच्या पलीकडं येऊन उभ्या राहिल्या. हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर. पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरनं उतरून ढीग बघितला, मग आमचा डोझर बघितला आणि हात हलवला, या म्हणून. त्याला वाटलं आम्ही येतोच आहोत.

दादा डोझरच्या सीटवर जाऊन बसले. मी म्हटलं, "दादा, उतरा." त्यांना ऐकूच गेलं नाही. त्यांनी लिव्हर ओढला, सोडला, पुन्हा ओढला. समोर गाड्या उभ्या. शेवटी साहेबांनी स्वतः वर चढून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा उतरले आणि फावडं उचललं.

सगळी तुकडी फावड्यांनी, घमेल्यांनी, हातांनी दगड काढायला लागली. तेवढ्या उंचीवर जरा वाकलं तरी धाप लागते. थोड्याच वेळात कळलं, की गाडीपुरता रस्ता आज व्हायचा नाही. मग साहेबांनी ठरवलं, की ढिगावरून पायवाट करायची आणि स्ट्रेचर हातांवरून अलीकडं आणायची. एका स्ट्रेचरला चार माणसं, पायाखाली घसरणारा दगड, डाव्या हाताला दरी. अलीकडं आमच्या गाड्या लावल्या होत्या, त्यांतून पुढं खाली न्यायचं.

मी ज्या स्ट्रेचरला लागलो त्यावर एक वयस्क सुभेदार होते. पोटाला पट्ट्या बांधलेल्या. शुद्धीवर होते. ढिगावरून उतरताना त्यांची नजर आमच्या डोझरवर गेली. ते मला हळूच म्हणाले, "वो डोजर तो खडा है. चलता क्यों नहीं?"

मी म्हणालो, "तेल नहीं है साब."

त्यांनी मान हलवली. एखाद्या दुकानदारानं माल संपला म्हणावं आणि गिऱ्हाइकानं बरं म्हणून निघावं, तशी.  आम्ही त्यांना गाडीत ठेवलं. मी त्यांच्या अंगावरचं कांबळं नीट केलं. ते जगले की नाही, मला माहीत नाही. काही जण मात्र आम्ही त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधीच, पलीकडं गाडीतच गेले. त्यांनाही आम्ही तसंच उचलून आणलं, तेवढंच जपून.

दादा एका फेरीलाही बसले नाहीत. अंधार पडल्यावरही आणत राहिले. शेवटचं स्ट्रेचर आलं तेव्हा ते चालताना पाय विचित्र टाकत होते, पाण्यातून चालल्यासारखे. मी म्हटलं, "दुखतंय का?"

"न्हाय रं. कायच दुखत न्हाय."

मला ते चांगलं लक्षण वाटलं. बूट काढले तेव्हा बोटं पांढरी आणि टणक, मेणाची केल्यासारखी. डॉक्टरांनी बघितलं आणि त्यांना जखमींच्या शेवटच्या गाडीत बसवलं. ते नको म्हणत होते. गाडी सुटताना मागच्या फळीवरून वाकून त्यांनी मला एवढंच सांगितलं, "मिस्त्री, पार्ट आला की पैल्यांदा ऑईल बदल. रॉकेलनं खराब झालं आसंल."

त्यानंतर थोड्याच दिवसांत तळ सोडून मागं यायचा हुकूम आला. डोझर शत्रूच्या हाती लागता कामा नये. दरीत लोटावा तर पट्टे जमिनीला गोठून बसले होते, तो जागचा हलत नव्हता. साहेब माझ्याकडं आले.  म्हणाले, "मिस्त्री, तुमको ही करना पडेगा. कहाँ मारना है, तुम जानते हो."

मला माहीत होतं. पंप, नोझल, रेडिएटर. मोठा हातोडा घेतला आणि एकेक फोडत गेलो. ज्या नळ्या मी फडक्यानं पुसायचो त्या चेपल्या. थंडीनं बीडाचं लोखंड ठिसूळ झालेलं, एका घावात तुकडे पडायचे. कुणी बघायला आलं नाही. काम झाल्यावर मी हत्यारं पुसून पेटीत ठेवली. ती सवय होती.

शत्रू तिथवर आलाच नाही. आम्ही खाली उतरतो न उतरतो तोच लढाई थांबल्याचं रेडिओवर सांगितलं. हिवाळा संपता संपता आमच्या नावानं पार्टची एक पेटी आली. मी उघडली. आत दुसऱ्याच कुठल्या तरी मशीनचे पार्ट होते, नवे, कागदात गुंडाळलेले. मी पेटी पुन्हा बंद केली आणि परत पाठवायच्या ढिगावर ठेवली.

सुटी मिळाली तेव्हा अणदूरला आलो. गावानं माझा सत्कार केला. लढाईच्या दिवसांत चावडीवर रेडिओ लावून सगळे ऐकत बसायचे म्हणे, आणि संरक्षण निधीला अम्मीनं आपले चांदीचे तोडे दिले होते. ती ते मला सांगताना लाजत होती. नारळ, हार झाल्यावर एकानं विचारलं, "मिस्त्री, किती चिनी मारले?"

मी म्हणालो, "मी मशीनं दुरुस्त करतो."

"ते खरं हो, पण तरी?"

सगळे वाट बघत होते.  चिनी माणूस मी पाहिलाही नव्हता. मी लोखंड फोडलं होतं आणि तेही आपलं. मी म्हटलं, "लई थंडी होती तिकडं," आणि खाली बसलो.

सुटी संपायच्या आधी वाशीला गेलो. दादांना फौजेनं घरी पाठवलं होतं. दोन्ही पायांची बोटं काढलेली, एका पायाचा तर पुढचा भागच. ओसरीवर बसले होते, शेजारी काठी. मला बघून उठायला लागले, मी धावत जाऊन बसवलं. वहिनींनी पाणी आणलं. मी पाणी पीत होतो तोवर त्यांनी विचारलं, "आपलं मशीन कुठं हाय?"

"तिथंच हाय, दादा. मोडून ठेवलंय. हातोडा म्याच घातला. हुकूम होता."

त्यांनी काठीनं पायाशी आलेली कोंबडी हाकलली. मग म्हणाले, "तूच घातला ते बरं केलंस. दुसऱ्यानं कसाबी मारला आसता."

जेवण झाल्यावर म्हणाले, चल, तुला एक दाखवतो. वाशीच्या शिवारात त्या वर्षी सरकारचा बुलडोझर आला होता, बांधबंदिस्तीच्या कामाला. दादा रोज काठी टेकत तिथवर जाऊन बांधावर बसायचे म्हणे. ऑपरेटर लातूरकडचा, भला माणूस. दादांना ओळखून होता. त्या दिवशी मी बरोबर आहे म्हणून, की रोजचंच मनात असेल, दादा त्याला म्हणाले, "येक फेरा मारू का?"

"बसा की दादा. तुमाला न्हाय कोण म्हणंल?"

मी त्यांना वर चढायला हात दिला. सीटवर बसल्यावर त्यांचा चेहरा एकदम पहिल्यासारखा झाला. पातं खाली घेतलं, गियर टाकला, आणि माती अशी उलगडत गेली की लातूरवाला माझ्याकडं बघून हसला. बांधाच्या टोकाला वळायचं होतं. वळायला पायानं ब्रेक दाबावा लागतो. मी दादांचं वाकणं बघितलं. ते पायाकडं बघत होते. डोझरवर बसल्यावर त्यांनी पायाकडं बघितलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मशीन वळलं नाही. सरळ शेजारच्या रानात गेलं, उभ्या ज्वारीत. कणसं भरलेली होती. लातूरवाला धावत जाऊन वर चढला आणि त्यानं लिव्हर ओढून ते थांबवलं.

ज्वारीचा मालक पलीकडंच होता. तो आला. त्यानं आडवी झालेली ज्वारी बघितली, दादांकडं बघितलं आणि म्हणाला, "असू द्या, दादा. असू द्या. तुमी देशासाटी पाय दिलं." त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर दादांनी त्या सहन केल्या असत्या. हे ऐकून ते खाली मान घालून उतरले. उतरताना मी हात पुढं केला, तो त्यांनी धरला नाही.

परत येताना आम्ही फार हळू चाललो. वाटेत ते म्हणाले, "पायाखाली काय हाय तेच कळत न्हाय रं मिस्त्री. पेडल हाय का ढेकूळ हाय."

मला पुष्कळ गोष्टी सांगाव्याशा वाटल्या. ते रॉकेल माझ्या हातून सांडलं होतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. त्यांनी तो विषय कधी काढला नाही, आणि मी काढला असता तर त्यांनाच मला समजवावं लागलं असतं. म्हणून मी त्यांच्या चालीनं चालत राहिलो.

मी पुन्हा उत्तरेला गेलो. नवीन डोझर आले होते, बटण दाबलं की सुरू होणारे. रस्ता पुढं गेला, चौकीपर्यंत पोचला, आणि तिथून अजून पुढं.

त्यानंतरच्या सुटीत मी येडशीला रेल्वेतून उतरून परस्पर वाशी गाठली. बुलडोझर तेव्हा गावाच्या जवळच्या माळावर काम करत होता, त्याचा आवाज अंगणात येत होता. ओसरी रिकामी. वहिनी बाहेर आल्या आणि त्यांनी हातानंच परसाकडं खूण केली.

"त्यो आवाज सुरू झाला की त्यास्नी सोसत न्हाय, तिकडं जाऊन बसत्यात," त्या म्हणाल्या. "बंद हुईस्तवर येत न्हाईत. जेवायला हाक मारली तरी न्हाय. भाऊजी, तुमी सांगा की त्यास्नी कायतरी. तुमचं ऐकतील."

"काय सांगू, वहिनी?"

 त्या चहा ठेवायला आत गेल्या. मी परसात गेलो आणि दादांच्या शेजारी गोठ्याच्या भिंतीला टेकून बसलो. त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली आणि बसायला थोडी जागा करून दिली. माळावरचं इंजिन चालू होतं.